कै. डॉ. कमलाबाई सोहोनी



हंगामाच्या दिवसांत जालन्याच्या मोंढ्यात जो कोणी सकाळी गेला असेल, त्याने मालमोटारी रिकाम्या होताना पाहिल्या असतीलच. शंभर पोत्यांची मोटार चार हमाल जेवढ्या वेळात रिकामी करितात, त्याच्या निम्म्या वेळात आठ हमाल ती रिकामी करितील. पोती उतरली म्हणून हमाल काही खर्ची पडत नाहीत. ते पुढच्या मोटारीकडे वळतात. मात्र पोती वीसच असून हमाल पन्नास उभे केले, तर त्यांतील बहुतेकांस हात बांधून बसावे लागेल. आता एक मनुष्य भिंतीपलीकडे उभा आहे, त्याला हमाल दिसत नाहीत. केवळ दर मिनिटास किती पोती बाहेर येऊन पडतात एवढेच दिसते, अशी कल्पना करा. पोत्यांचा तोटा नसेल, तर तेवढ्यावरून त्याला आत किती हमाल राबत आहेत हे बिनचूक सांगता येईल.

ज्या विदुषींचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे, त्यांनी आपले आयुष्य ह्याच तऱ्हेच्या हिशेबात घालविले. त्यांचे हमाल म्हणजे ज्यांस इंग्रजीत एन्झाइम व आपल्या पाठ्यपुस्तकांत विकर म्हणतात ती प्रथिने होत. अन्न पचते, दूध आंबते, कापलेले वांगे काळे पडते, ही सर्व विकरांची कामे आहेत. त्यांचे वजन एवढे अल्प असते की एखाद्या पदार्थात किती विकर आहे हे तराजूने सांगणे प्रायः अशक्य. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याच्या कामाची गती मोजतो आणि गतीवरून त्याचे प्रमाण ठरवितो. ज्यावर काम करावयाचे तो पदार्थ भरपूर असला व उष्णता आणि आम्लता कायम ठेविली, तर विकर दुप्पट केल्याने गती दुप्पट होते. बर्लिन येथे लिओनोर मिकाएलिस व कॅनडाहून आलेल्या विदुषी मॉड मेंटेन ह्या दोघांनी उसाची साखर फोडणाऱ्या विकरावर प्रयोग करून १९१३ साली ह्या हिशेबास गणिती रूप दिले. त्याच वेळी इंदूर येथे भागवतांच्या घरी एक दोन वर्षांची मुलगी खेळत होती.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकून निघालेल्या पहिल्या पिढीतले. थोरली बहीण दुर्गा हिने पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासात व मराठी ललित गद्यात केवढे नाव मिळविले आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान कोणत्या तेजाने भूषविले, हे मराठीच्या तासाला तुम्ही ऐकले असेल. एकाच घरातून एक भगिनी शब्दांकडे व दुसरी परीक्षानळीकडे गेली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई पहिल्या आल्या. वडिलांच्या वाटेने बंगळूरास जावयाचे हे त्यांच्या मनात इतके निश्चित होते की अर्ज नाकारला जाईल ही शंकाही त्यांस शिवली नसावी.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे, भारतवर्षाचे भूषण. स्त्रियांस संशोधनाकरिता घेऊ नये, असे त्यांचे मत होते. कमलाबाईंनी कारण विचारले. गुणपत्रिकेत उणे काही नव्हते. उणे होते ते एवढेच की अर्जदार स्त्री होती. वडील व चुलते यांनी रदबदली केली, ती व्यर्थ गेली. तेव्हा ह्या बावीस वर्षांच्या मुलीने महात्माजींचा मार्ग धरिला आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या दारातून हलावयाचे नाही, असा निर्धार केला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावयाचे. त्यांच्या असण्याने पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. ह्या अटींचे शल्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. उतारवयातही त्या ही हकीकत सांगताना तिचा कडवटपणा लपवीत नसत. कोणी म्हणतील, तो काळच तसा होता. परंतु दहावीनंतर मुलीस विज्ञानशाखेस घालावे की नाही याविषयी आमच्याकडे येणाऱ्या पालकांशी जे बोलणे होते, त्यात ह्यांपैकी दुसरी व तिसरी अट वेगळ्या शब्दांत अजूनही ऐकू येते, हे शिक्षक म्हणून नमूद करणे मला भाग आहे.

बंगळूरास त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनावरील त्यांचा संयुक्त लेख १९३५ साली इंग्लंडातील ‘बायोकेमिकल जर्नल’ ह्या मान्यवर नियतकालिकात आला. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम. एस्‌सी. झाल्या. त्यांचे काम पाहून सर रामन यांनी आपले मत बदलले व संस्थेची दारे स्त्रियांस उघडली, ही गोष्टही त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथे होती. असे सांगतात की तेथे जागा शिल्लक नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांस देऊ केले व स्वतः रात्री काम करण्याचे पत्करिले. बंगळूरास रात्री काम करण्याची अट ह्या मुलीवर होती. केंब्रिजला तिच्यासाठी दुसऱ्याने रात्र पत्करली. इतके असूनही केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस पूर्ण सभासद मानीत नसे. तो हक्क त्यांस १९४८ साली मिळाला, ही गोष्ट विलायतेस डोळे मिटून नावाजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. रिक्टर यांच्यासमवेत कमलाबाईंनी प्राण्यांच्या शरीरातील फिनोलेज जातीच्या विकरांवर काम केले व तो लेख १९३८ साली प्रसिद्ध झाला. कापलेला बटाटा ज्यामुळे तपकिरी पडतो ते विकर ह्याच कुळातले होय.

आणि बटाट्याकडेच त्यांचे पुढचे पाऊल पडले. त्या वेळी रॉबिन हिल हे वनस्पतींच्या रसायनशास्त्रात मग्न होते. प्राण्यांच्या पेशींत अन्नाचे ज्वलन होते ते एका साखळीने, तिच्या शेवटच्या कड्यांत सायटोक्रोम ‘सी’ नावाचे लोहयुक्त रंगीत प्रथिन असते आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायूस देते, हे तोपर्यंत कळून चुकले होते. डेव्हिड केलिन यांनी केंब्रिज येथेच १९२५ साली किड्यांच्या स्नायूंत व यीस्टमध्ये ह्या रंगद्रव्याचे पट्टे पाहिले होते. वनस्पतीही अशाच श्वास घेतात काय, हा प्रश्न होता. हिरव्या पानांत हरितद्रव्याच्या रंगापुढे ह्या फिकट द्रव्याचा माग काढणे कठीण. बटाट्याच्या पांढऱ्या गरात ती अडचण नाही. कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम ‘सी’ दाखवून दिले. हिल व भागवत ह्या दोघांच्या नावे फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी छोटासा लेख १९३९ साली ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आला.

दिसावयास ही गोष्ट लहान वाटेल. परंतु मनुष्य, किडा, यीस्ट व बटाटा यांच्या श्वसनाची शेवटची पायरी एकच आहे, असा तिचा अर्थ होतो. अशा विकराचा शोध डोळ्यांनी होत नाही. गर वाटावयाचा, गाळावयाचा, त्यात कामाचा पदार्थ मुबलक घालावयाचा आणि प्राणवायू किती वेगाने शोषला जातो हे मोजावयाचे. गर दुप्पट घेतल्यास वेगही दुप्पट होतो काय, हे पाहावयाचे. झाला तर आपण विकरच मोजीत आहोत, अशी खात्री वाढते. आपल्या प्रयोगशाळेतही ह्याचा नमुना पाहता येतो. दोन नळ्यांत सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड सारखे घ्या. एकीत कच्च्या बटाट्याचा वाटलेला गर एक चमचा व दुसरीत दोन चमचे टाका. दुसरीत फेस अधिक जोराने उसळेल. तेथे काम करणारे कॅटालेज हे विकर सायटोक्रोम ऑक्सिडेजहून वेगळे आहे, पण हिशेब तोच. बटाटा आधी उकळून घेतला तर मात्र फेस येत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडण मोडते व हमाल निकामी होतात.

डॉक्टरेटकरिता कमलाबाईंनी सादर केलेला प्रबंध सुमारे चाळीस पानांचा व चौदा महिन्यांत पुरा केलेला होता. आमच्याकडे जाडीवरून ग्रंथाची किंमत करण्याची जी रीत आहे, तिला हे उत्तर पुरेसे आहे. १९३९ साली त्यांस पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. वनस्पतिशास्त्रात जानकी अम्मल यांनी १९३१ साली अमेरिकेत मिशिगन येथे डॉक्टरेट संपादन केली होती, म्हणून मी अगदी पहिल्या असे म्हणत नाही. कमलाबाईंचा मोठेपणा त्या क्रमांकावर अवलंबूनही नाही.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, नंतर कुन्नूरची पोषण-संशोधनशाळा, असा प्रवास झाला. १९४७ साली विमागणिती श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व १९४९ पासून तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

माझ्या मते येथून त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो, जरी चरित्रलेखक बहुधा केंब्रिजपाशीच थांबतात. ज्यांच्या ताटात दूध-अंडी क्वचित पडतात त्यांची प्रथिने येतात कोठून? डाळीतून व कडधान्यांतून. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गोष्ट हीच आहे. परंतु धान्यात प्रथिन आहे एवढ्याने ते अंगी लागत नाही. ते फोडणारी विकरे पोटात पुरेशी मोकळी असावी लागतात. त्यांतील एक प्रमुख विकर म्हणजे स्वादुपिंडातून आतड्यात येणारे ट्रिप्सिन. अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल यांना १९१७ सालीच असे आढळले होते की उंदीर शिजविलेल्या सोयाबीनवर चांगले वाढतात, कच्च्यावर वाढत नाहीत. पुढे सोयाबीनमधून एक प्रथिन वेगळे काढण्यात आले, जे ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम बंद पाडते. ज्या हमालाच्या खांद्याला एखाद्याने मिठी मारली आहे, तो मोजदादीत असूनही कामाचा नसतो.

कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातील धान्यांना विचारला. वाल आणि डबल बी यांतून असे दोन रोधक पदार्थ स्फटिकरूपात वेगळे केल्याचा वृत्तान्त त्यांनी एका सहकाऱ्यासह १९५५ साली ‘नेचर’मध्ये दिला. प्रथिनाचे स्फटिक काढणे म्हणजे ते निर्भेळ हाती आल्याचा मोठा पुरावा. तो मुंबईच्या एका सरकारी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, तुटपुंज्या साधनांवर मिळाला. ह्या जातीच्या मोजणीची रीत सोपी आहे. दुधातील केसीनवर ठराविक ट्रिप्सिन घालून ठराविक वेळात किती केसीन फुटले ते मोजावयाचे. मग तेवढ्याच ट्रिप्सिनमध्ये वालाचा अर्क मिसळून तोच प्रयोग पुन्हा करावयाचा. गती निम्म्यावर आली, तर निम्मे ट्रिप्सिन बांधले गेले. येथेही गती हाच तराजू.

कच्च्या सोयाबीनवर ठेविलेल्या उंदरांचे व कोंबडीच्या पिलांचे स्वादुपिंड वाढलेले आढळते, हेही येथे सांगण्याजोगे आहे. बांधल्या गेलेल्या विकराची भरपाई शरीर जादा विकर निर्माण करून करू पाहते. म्हणजे हमाल अडकले तर मुकादम नवे हमाल बोलावितो. परंतु हे नवे हमाल घडवावयास प्रथिनच लागते, आणि प्रथिनाचीच तर वाण. आपल्या बाजूला आता सोयाबीनचा पेरा सर्वत्र दिसतो. तेव्हा ते भरड किंवा अर्धकच्चे खाऊ नये, पुष्कळ वेळ उकळून मगच खावे, हे घरी सांगण्यासारखे आहे. मुंबई-कोकणाकडे वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून मग शिजवितात. त्या बायांना ट्रिप्सिनचे नाव ठाऊक नव्हते, पण भिजविणे, मोड आणणे व शिजविणे यांनी रोधकाचा जोर सर्वसाधारणपणे पुष्कळ उतरतो, हे प्रयोगशाळेने मागाहून सांगितले.

कमलाबाईंचे दुसरे प्रसिद्ध काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. आपल्याकडे, विशेषतः निजामी अमदानीपासून, शिंदी म्हटले की मद्य असाच अर्थ मनात येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ताडाचा किंवा शिंदीचा रस रात्री मडक्यात गळतो तेव्हा तो निव्वळ गोड असतो, ती नीरा. हवेतील व मडक्यातील यीस्ट त्यात शिरते. यीस्टपाशी साखर फोडणारी विकरे असतात, त्यांत मिकाएलिस व मेंटेन यांनी अभ्यासिलेले तेच इन्व्हर्टेजही आले. पहाटे यीस्ट थोडे, म्हणून विकर थोडे व आंबण्याची गती मंद. परंतु यीस्ट गुणाकाराने वाढते, त्याबरोबर विकर वाढते, विकराबरोबर गती वाढते. आणि पहाटेची नीरा ऊन चढेपर्यंत ताडी होऊन बसते. मडक्यास आतून चुना लावितात तो यीस्टचे व विकराचे काम मंदावावे म्हणूनच. घरी दुधास विरजण लावणाऱ्या मातेला हे सर्व ठाऊक असते: पाहुणे लवकर येणार असले म्हणजे ती विरजण जरा सढळ हाताने लाविते.

नीरेत जीवनसत्त्वे व लोह आहे, आणि आदिवासी वस्त्यांतील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांस ती दिल्याने प्रकृतीत स्पष्ट सुधारणा होते, असे कमलाबाईंच्या चमूने दाखविले. ह्या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पासही दूध नासू नये याविषयी त्यांचा सल्ला असे.

इतके कर्तृत्व असता विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्यास सुमारे चार वर्षे उशिराने आले, आणि त्याचे कारण त्या स्त्री होत्या हेच होते, असे त्यांचे सहकारी मानीत. बंगळूरचे दार १९३३ साली उघडले होते. मुंबईचे दार त्यानंतर तीस वर्षांनीही करकरत होते. ते मिळाल्यावर त्यांनी संस्था नेटाने चालविली व सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, परंतु अन्नाची चौकशी सुटली नाही. मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या काम करू लागल्या, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ ह्या नियतकालिकात भेसळ व ग्राहकांची सुरक्षितता यांविषयी लिहीत राहिल्या.

आयुष्याच्या अखेरीस भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीस त्यांचा सत्कार योजिला. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा प्रथमच एक स्त्री होती, डॉ. सत्यवती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले. तुमचे आईवडील तेव्हा शाळेत जात असतील.